कडू कवठाचं तेल

रिबकाबाई आमच्या अंगणात आली तेव्हा मी ओटीवर बसून एका झंपराला बाही जोडत होते. रविवारची सकाळ होती. तिच्या डोक्यावर तेलाचा पत्र्याचा डबा होता आणि त्याचा वास तिच्या आधी ओटीवर पोहोचला. उग्र, कडवट, नाकात ठाण मांडून बसणारा. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली आणि पेपर खाली ठेवला.

"तिथंच थांबा, रिबकाबाई."

"थांबलेय, हवालदारभाऊ. पायरी चढायला आलेच नाही मी."

"सात वर्षांत हे अंगण आठवलं नाही. आज वाट चुकलात?"

"वाट चुकले नाही." तिनं डबा उतरवून माडाच्या बुंध्याशी ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. "शेगूला दोन दिवस माझ्याबरोबर न्यायचंय. पिन्हास आहे तिथं."

शिवणयंत्राच्या चाकावरचा माझा हात होता तिथंच राहिला.

बाबा उठून उभे राहिले. उभा जन्म पलटणीत काढलेला माणूस. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. "रिबकाबाई," ते अगदी हळू म्हणाले, "बाईमाणूस आहात म्हणून आल्या पावली परत जाल."

ती जागची हलली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "शेगू, त्याच्यासाठी तुझ्या पोटात शिव्या साठल्या असतील. मला देऊ नकोस, मी पुष्कळांच्या खाल्ल्यात. चल, त्याच्या तोंडावर दे."

आम्ही बेने इस्राएल. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमची दहाबारा घरं होती. शनिवारी घाणे बंद ठेवतात म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. बाबांनी फौजेत नाव काढलं, पण पिन्हासच्या घरी घाणा चालू होता. बाप लवकर गेला, तेव्हा रिबकाबाईनंच तो चालवला, दोन मुली आणि एक मुलगा वाढवला. मी आमच्या वाडीतलं सुकं खोबरं तिच्याकडे गाळायला न्यायची. डोळे बांधलेला बैल गोल गोल फिरायचा, त्याच्यामागून पिन्हास चालायचा आणि पिन्हासमागून मी. खोबऱ्याचं तेल निघायला जितका वेळ लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ आम्हाला लागायचा. मग एकदा घाण्याच्या मागं उंडीच्या झाडाखाली आम्हाला कुणीतरी पाहिलं. कुजबुज झाली. दोन्ही घरांनी शहाणपणा केला आणि लग्न ठरवून टाकलं. आम्हाला काय, आंधळा मागतो एक डोळा!

लग्नाच्या दिवशी मी पांढरं पातळ नेसून, मेंदीचे हात मांडीवर घेऊन बसले होते आणि निरोप आला, नवरा घरात नाही. गावात नाही. खाडीवर नाही.

आमच्या प्रार्थनेच्या घराला आम्ही मशीदच म्हणतो. त्या मशिदीच्या पायरीवर रिबकाबाई एकटी येऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत ओरडून म्हणाली, "खोट माझ्या पोरात आहे! पोरगी सोन्यासारखी आहे. तिला कुणी बोल लावला तर माझ्याशी गाठ आहे." पण लोकांना असल्या वेळी सोनं दिसत नाही. उंडीचं झाड सगळ्यांना आठवलं. लग्नाआधीच पाहून घेतलं आणि मन उडालं, असं बायका विहिरीवर म्हणाल्या, आणि मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. कुणी सांगितलं तो एडनच्या बोटीवर चढला, कुणी म्हणालं मुंबईला एका बाईपाशी राहतो. मला पुन्हा स्थळ आलं नाही. मी शिवणयंत्र घेतलं. दुसऱ्यांच्या लग्नाचे झंपर शिवत मी सव्वीस वर्षांची झाले.

म्हणून त्या सकाळी मी उठले. पायात वहाणा घातल्या.

"शेगुल्ला," बाबा म्हणाले.

"जाऊ द्या, बाबा. मला त्याला एकदा बघायचंय."

त्यांनी माझ्या वहाणांकडे पाहिलं. मग खुर्चीत बसले, पेपर उचलला आणि पेपराच्या मागून म्हणाले, "जा. आणि माझ्याही दोन ठेवून दे त्याला."

मचवा भरतीबरोबर रोह्याकडे निघाला. मी एका टोकाला बसले, रिबकाबाई दुसऱ्या टोकाला, मध्ये माणसं आणि कोंबड्यांच्या टोपल्या. तेलाच्या वासानं लोकांनी नाकं दाबली.

"काय गो बाय, डब्यात काय मेलंय?" एका म्हातारीनं विचारलं.

"गुरांच्या खरजेचं औषध आहे, आजी."

"मग गुरं वासानंच बरी होतील!"

मचव्यातले सगळे हसले. रिबकाबाईही हसली. तिला हसताना पाहून माझ्या अंगाची आग झाली. एव्हाना ती किती वाळलीय हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि लक्षात आलं म्हणून आणखी राग येत होता. तिचा घाणा पार बसला हे मला ठाऊक होतं. त्याला कसलीशी घाण येते, खोबरेल काढलं तरी कडू निघतं, म्हणून गिऱ्हाइकांनी एकेक करून तिच्याकडे जाणं सोडलं होतं. गावात म्हणत, पोराच्या पापानं घाणा नासला. मीही तसंच म्हटलं होतं.

रोह्याला उतरल्यावर तिनं बैलगाडी केली. डोंगराच्या दिशेनं आम्ही निघालो. गाडीत आम्ही दोघीच होतो.

"तिथं त्याची बायको आहे का?" मी विचारलं. सबंध वाटेत माझ्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

"नाही."

"मग काय करतो तो?"

"पोचलो की बघ."

"तुमच्या मुलींची लग्नं झाली. दीनाचं झालं, गेल्या महिन्यात लेआचंही झालं. आता मुलासाठी बायको शोधत निघालात? आणि कुणी मिळेना म्हणून मी?"

 डबा कलंडू नये म्हणून तिनं दोन्ही पायांत धरला होता, तो आणखी घट्ट धरला.

उन्हं कलायच्या आधी गाडी एका आवारापाशी थांबली. कुडाचं कुंपण, आत कौलारू घरांच्या ओळी, भाजीचे वाफे, मधोमध विहीर. विहिरीवर एक माणूस रहाट फिरवत होता. आम्हाला पाहून त्यानं हात वर केला. त्या हाताला बोटं नव्हती.

"आलीस, तेलवाली आई?" तो आनंदानं ओरडला.

मग मला बाकीचे दिसले. पायाला चिंध्या बांधून वाफ्यांत बसलेली बाई. नाक बसलेला एक म्हातारा. दारात उभी असलेली माझ्याच वयाची एक मुलगी, जिच्या भुवया झडल्या होत्या. मी गाडीचा दांडा धरला.

"हे महारोग्यांचं..."

"हो."

"पिन्हास?"

"बस. ह्या झाडाखाली बस. मग सांगते."

मी दांडा सोडून झाडाखाली बसले. ती माझ्या शेजारी न बसता समोर मातीत बसली.

"मेंदीच्या दिवशी आम्ही पुऱ्या तळत होतो," ती म्हणाली. "कढई उतरवायला पिन्हास आला. उकळतं तेल त्याच्या डाव्या हातावर सांडलं. कातडी निघाली, शेगू. आणि तो बहिणीशी हसत बोलतच राहिला. त्याला कळलंच नाही. माझा मामा त्याच रोगानं गेला. त्याचंही असंच, चुलीतला निखारा हातात धरायचा. मला कुणी सांगावं लागलं नाही. मी पोराला खोलीत नेऊन अंगरखा काढायला लावला. पाठीवर चट्टे होते. मीच त्याला पहाटेच्या आत इथं आणून टाकला, आणि लग्नाच्या वेळेला गावात परत आले."

"तुम्ही?"

"मी. तो म्हणत होता, शेगूला सांगून जाऊ दे. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला."

"का?" माझा आवाज चिरकला. "मला का सांगितलं नाहीत? मला वाटलं मीच... सात वर्षं लोक माझ्याकडे बघून थुंकले, रिबकामावशी! मला एका शब्दानं सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी कुंपणाकडे पाहिलं.

"खरं बोल. इथं आली असतीस की नाही?"

"आले असते."

"म्हणून." तिनं मातीवर बोट ओढलं. "तू एकोणीस वर्षांची. हवालदारभाऊंची आईवेगळी एकच पोर. तो जगेल की कुजेल हे डॉक्टरालाही माहीत नव्हतं. तू ह्या कुंपणाच्या आत शिरली असतीस, आणि उद्या तुझ्याही बोटांना... ते मला बघवलं नसतं. मला वाटलं, शिव्या घालील, वर्ष-दोन वर्षं रडेल आणि दुसरा बघेल. दुसरा येणारच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथं मी चुकले. मग कळलं तेव्हा दोन मुली घरात होत्या. भावाला महारोग म्हटल्यावर त्यांना कोण करून घेणार होतं? लेआला उजवली आणि मी तुझ्याकडे आले. एक महिना तुझ्या अंगणात पाय टाकायचा धीर होत नव्हता, तेवढाच काय तो उशीर."

विहिरीचा रहाट करकरत होता.

"आणि हे तेल?" मी विचारलं. खरं तर विचारायचं पुष्कळ होतं, पण तोंडातून एवढंच आलं.

"रानातल्या कडू कवठाच्या बियांचं. इथले डॉक्टर ते गाळून, शुद्ध करून सुईनं टोचतात. पहिल्या वर्षी तेल पुरायचं नाही, कितीकांना तसंच बसून राहावं लागायचं. मी म्हटलं, मी तेलीण आहे, बिया आणून द्या. पण लाकडाचा घाणा, एकदा कडू तेल प्याला की दुसरं गोड तेल देत नाही." ती किंचित हसली. "नासला बिचारा. पण माझं पोर बरं झालं, शेगू. दोन वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात रोग निघून गेला, घरी जा. हाच जात नाही. इथंच रोग्यांच्या जखमा धुतो."

"का जात नाही?"

तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं. "कारण मी त्याला सांगितलंय, तुझं लग्न झालं. पहिल्याच महिन्यात सांगितलं. नाहीतर तो एक दिवस इथं टिकला नसता, पळत तुझ्याकडे आला असता."

मी उठले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा गळा धरावासा वाटला. मी गाडीपर्यंत गेलेसुद्धा. गाडीवान बैलांना पाणी दाखवत होता.

"परत जायचं असेल तर जा," ती मागून म्हणाली. "गाडी मी परतीचीच ठरवलीय. तुझ्यावर माझा काही हक्क नाही."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "आई, एवढा उशीर का ग?"

मी वळले. पिन्हास कुंपणाच्या फाटकातून डबा घ्यायला बाहेर येत होता. पांढरा सदरा, वर खोचलेल्या बाह्या, डाव्या हातावर भाजल्याचा जुना लांब डाग. तो थांबला. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या गळ्याकडे. आमच्यातही लग्न झालेल्या बाईच्या गळ्यात काळी पोत असते.

"शेगुल्ला," तो म्हणाला. "तुझा गळा..."

"रिकामा आहे."

"तुझे यजमान?"

"नव्हतेच कधी."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मी आजही तो सांगू शकत नाही. तो आईकडे वळला. "तू मला... आई, तू इतकी वर्षं माझ्या डोळ्याला डोळा भिडवून..."

ती मातीत तशीच बसून होती, मान खाली घालून. हाती घेतलेलं काम पुरं झाल्यावर माणूस बसतं तशी. आणि त्याचा हात वर झालेला, आवाज वाढलेला पाहून मला काय झालं कोण जाणे. मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"तिला काही बोलायचं नाही," मी म्हणाले.

"तुला माहीत नाही तिनं काय केलंय!"

"माहीत आहे. आत्ताच सांगितलंय तिनं. तू जिवंत आहेस, पिन्हास. बरा आहेस. माझ्यासमोर दोन पायांवर उभा आहेस. आणि मीही धडधाकट आहे. हे कुणी केलं? तू केलंस? मी केलं?"

त्याचा वर झालेला हात खाली आला. 

"मी तुला शिव्या द्यायला आले होते," मी म्हणाले. "बाबांच्याही दोन आहेत."

"दे."

"आता एकही आठवत नाही."

तो हसायला गेला आणि त्याला रडू आलं. मोठा बाप्या माणूस, सदऱ्याच्या बाहीला डोळे पुसत होता. मी पुढं झाले तसा तो मागं सरला.

"जवळ येऊ नकोस. डॉक्टर म्हणतात भीती नाही, पण लोक मानत नाहीत. आणि हे बघ." त्यानं डावा हात पुढं केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं होतं. "ही दोन गेली. ह्यांना काही कळत नाही. निखारा ठेव, कळणार नाही."

मी तो हात धरला. त्यानं ओढायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही.

"बाकीच्यांना कळतं ना?"

"कळतं."

"मग पुरे झालं."

त्या दिवशी तो आमच्याबरोबर आला नाही. म्हणाला, "मी चोरासारखा गेलो होतो, चोरासारखा परत येणार नाही. आधी गावाला खरं सांगा. मग त्यांनी नको म्हटलं तरी चालेल." मी रिबकाबाईकडे पाहिलं. लेआच्या हातावरची मेंदीही अजून पुरती उतरली नव्हती, आणि तिच्या सासरी हे कळलं तर काय होईल ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"सांगते," रिबकाबाई म्हणाली. एवढंच.

पुढच्या शनिवारी मशिदीत प्रार्थना संपली तेव्हा ती उठून उभी राहिली. मी तिच्याशेजारी होते. तिनं सगळं सांगितलं. कढईतलं तेल, पाठीवरचे चट्टे, पिन्हासला सांगितलेलं खोटं, मी इतकी वर्षं सोसलेलं लांच्छन. म्हणाली, "मी त्या दिवशी पायरीवर खरंच बोलले होते. खोट माझ्याच पोरात होती. तुम्ही ऐकलंत, पण विश्वास ठेवला नाहीत."

आमच्या आजूबाजूच्या बायका पदर सावरत एकेक करून लांब सरकल्या. एवढ्या गर्दीत आम्हा दोघींभोवती मोकळी जमीन पडली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. लेआचा सासरा उठला आणि न बोलता निघून गेला. रिबकाबाईनं त्याला जाताना पाहिलं, आणि माझा हात घट्ट धरला.

मग पुरुषांच्या बाजूनं बाबा उठले. काठी बाकाला टेकवून ठेवली. ती सगळी मोकळी जमीन चालत ओलांडून ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले. टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि पलटणीतल्या साहेबाला करावा तसा कडक सलाम त्या तेलिणीला ठोकला. 

"रिबकाबाई," ते म्हणाले, "लग्नाचा दिवस तुम्ही ठरवा. आम्ही मुलीकडचे आहोत, तुम्ही म्हणाल तो."

लग्न झालं. निम्मे लोक आले, त्यातले निम्मे जेवले. लेआला सासरच्यांनी दीड वर्ष माहेरी पाठवलं नाही. मग तिला मुलगा झाला आणि तिचा नवराच तिला घेऊन आला. माणसं वाईट नसतात, त्यांना वेळ लागतो. पिन्हासनं दवाखान्यातलं काम सोडलं नाही. त्या आवाराच्या बाहेर आम्ही घर बांधलं आणि रिबकाबाई आपला घाणा मोडून, गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आली. आम्हाला तीन मुलं झाली. पिन्हासच्या त्या दोन बोटांना पुढं कधीच काही कळलं नाही, आणि तो रोग आमच्या घरात पुन्हा कुणाला झाला नाही.

ती आमच्याजवळ चौदा वर्षं जगली. तिचे आभार मानायचे होते, पण ती मानू द्यायची नाही. मी नुसतं "आई, तुम्ही त्या वेळी" एवढं म्हटलं की लगेच काम काढायची, शेण आण, बैल सोड, पोर रडतंय. एकदा पिन्हास कामावर गेला होता, मुलं शाळेत. ती चुलीपुढं बसून लाकूड सारत होती. मी तिचे दोन्ही हात धरले.

"आई, आज ऐकायचंच."

"बरं, ऐकते." ती खरोखरच सरसावून बसली. "बोल."

मी तोंड उघडलं आणि माझ्यानं एक शब्द बोलवेना. डोळे वाहायला लागले, हात मात्र सोडवेनात. ती न हलता वाट बघत बसली होती. बराच वेळ. मग तिनं माझ्या हातावर हळूच थोपटलं.

"झालं ना बोलून?" ती म्हणाली. "आता भात बघ, करपेल."